सासऱ्यांच्या खिशातल्या वह्या

अमेरिकेतल्या नेब्रास्कातून एका मैत्रिणीचं पत्र आलंय. लांब होतं. तिला विचारून कापलंय आणि ओळख पटेल अशा दोन-चार गोष्टी बदलल्या आहेत.

“ताई, माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली. नवरा इथलाच, सँडहिल्समधल्या, म्हणजे वाळूच्या टेकड्यांच्या भागातल्या, एका रँचवर वाढलेला. आम्ही ओमाहाला असतो, रँच तिथून पाच तासांवर. जानेवारीत माझे सासरे गेले. जन्म १९४३ चा, आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत स्वतः गुरांना चारा टाकत होते. पेपरात छापून आलं ते फ्युनरल होमवाल्यांनी लिहिलेलं: ‘निष्ठावान कॅथलिक, कष्टाळू रँचर, प्रेमळ पिता.’ सासूबाईंनी वाचलं, घडी घातली, खणात ठेवून दिलं. बोलल्या काहीच नाहीत.

आता मे महिन्यात, मेमोरियल डेच्या सुट्टीत, थडग्यावर दगड बसवायचाय. फादर येऊन आशीर्वाद देतील. दुसऱ्या दिवशी वासरांना डाग द्यायचं काम असतं, त्यासाठी सगळं गणगोत जमतंच. सासूबाई म्हणाल्या, दगडापाशी पाच मिनिटं काही वाचायचंय, ते तू लिही. मी! त्यांची स्वतःची तीन मुलं असताना. मी शाकाहारी घरातली, लग्नाआधी गाय जवळून पाहिली ती देवळाबाहेरची. माझी आई तर अजून नातेवाइकांना सांगते की व्याह्यांची गोशाळा होती. पहिली दोन वर्षं त्यांना हाक काय मारायची हेच मला कळत नव्हतं. ते म्हणायचे नावाने बोलाव, माझी जीभ वळायची नाही. मग मी समोर जाऊन उभी राहायचे आणि त्यांचं लक्ष जाईपर्यंत थांबायचे.

एकदाच, मार्चमध्ये, रात्री दोन वाजता त्यांच्याबरोबर गाय अडली होती तिथे टॉर्च धरायला गेले होते. तेवढं एक मला खरोखर आठवतं. पण त्यात ते पेंढ्यात आडवे पडलेले आहेत, बाही खांद्यापर्यंत वर, सगळं अंग घाण. थडग्यापाशी हे कसं वाचायचं?

बुटांच्या एका खोक्यात त्यांच्या खिशातल्या वह्या सापडल्या, बेचाळीस. वर्षाला एक. गाईचा नंबर, तारीख, पाडा की कालवड, कधी हवामान. काही नोंदींपुढे ‘डी. जी.’ असं आहे. नवरा म्हणतो ‘ड्राय ग्राउंड’ असेल. फोटो पाठवतेय.

त्याच खोक्याच्या तळाशी काही पावत्या होत्या. १९८६ मध्ये बँकेचे पैसे थकले तेव्हा सासऱ्यांनी माझ्या मोठ्या दिरांच्या बारा गाई विकल्या. त्या दिरांच्या स्वतःच्या होत्या, शाळेत असल्यापासून एकेक करून वाढवलेल्या, त्यांच्या स्वतःच्या ब्रँडच्या, म्हणजे अंगावर त्यांच्या मालकीची खूण डागलेल्या. त्यांना विचारलंसुद्धा नाही. दीर एकोणीस वर्षांचे होते, त्याच आठवड्यात घर सोडून गेले. पुढे बापलेक भेटले ते फक्त कुणाच्या लग्नात नाहीतर मयताला. अंत्यविधीला दीर आले, शेवटच्या बाकावर बसले आणि जेवायला न थांबता डेन्व्हरला परत गेले. तर या पावत्या दिरांच्या ब्रँडच्या नूतनीकरणाच्या आहेत. सगळ्या १९८६ नंतरच्या, अगदी अलीकडचीसुद्धा आहे. ज्या ब्रँडची एकही गाय रँचवर उरली नव्हती त्याची फी सासरे भरत राहिले होते. नवरा म्हणतो, हे सगळ्यांसमोर वाच, दादाला एकदा कळू दे. मला काही सुचत नाहीये.

सँडहिल्सची सून”

सूनबाई, वयाने मी बरीच मोठी आहे, तेव्हा अगं-तुगंच करते.

आधी त्या डी. जी. चा निकाल लावू. ड्राय ग्राउंड नाही गं. तुझे फोटो मी भिंग घेऊन पाहिलेत. जुलैच्या एका पानावर लिहिलंय, ‘पाऊस ०.४०, डी. जी.’ चार दशांश इंच पाऊस पडल्यावर कोरडी जमीन असं कोण लिहील? दुसऱ्या पानावर तीनशे बारा नंबरच्या गाईला जुळं झालं, दोन्ही जगली, पुढे डी. जी. माझा अंदाज असा की हे ‘देओ ग्रातियास’ आहे. लॅटिन, अर्थ ‘देवाचे आभार’. तुझे सासरे १९४३ चे. म्हणजे आठ-दहा वर्षांचे असताना वेदीपाशी फादरच्या हाताखाली सेवेला उभे राहत असतील तर तेव्हा मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिनमध्येच चालायची. अमेरिकेतल्या कॅथलिक चर्चमध्ये इंग्रजी आली ती १९६४ च्या शेवटाला. फादर वाचन संपवायचे की या पोरांनी म्हणायचं, देओ ग्रातियास. मिस्सा संपली की पुन्हा तेच. अर्थ कळो न कळो, रविवारमागून रविवार. लहानपणी तोंडात बसलेलं जात नाही. त्यांच्या तोंडातून ते पेन्सिलीत उतरलं असावं. तरी सासूबाईंना विचारून खात्री कर. त्यांना माहीत असणार, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसणार.

आता मार्च २०१९ ची पानं बघ. ते वादळ तुला माहीतच आहे, बाकीच्या वाचकांसाठी सांगते. १३ मार्चला गोठलेल्या जमिनीवर आधी पाऊस कोसळला, पाणी मुरायला जागाच नव्हती, मग त्यावर बर्फ आणि वारा. १४ तारखेला निओब्रारा नदीवरचं स्पेन्सर धरण फुटलं. आणि हे ऐन गाई विण्याच्या हंगामात. तुझ्या सासऱ्यांच्या वहीत त्या दिवसांत फक्त नंबर आहेत आणि नंबरांवर मारलेल्या आडव्या रेघा. मी मोजल्या, एकोणीस. ११ मार्चला शेवटचं डी. जी. आहे, त्यानंतर थेट २४ ला. ‘८८ चं उठलं. डी. जी.’ मधल्या दिवसांत एकही डी. जी. नाही. मला हे फार मोठं वाटलं. एकोणीस वासरं मेली तरी देवाची इच्छा म्हणून आभार मानत बसणारा माणूस हा नाही. याने देवाशी अबोला धरला होता. आणि तोही संपवला, तर एका वासरासाठी.

(तुझ्या नवऱ्याच्या घरात अबोला धरायची रीत आहे असं दिसतंय. त्यावर येतेच.)

तू विचारतेस, मी परकी, मी कसं लिहू. अगं, पोटच्या मुलाला ‘ड्राय ग्राउंड’ वाटलं. त्याने ती वही हजार वेळा खिशातून निघताना पाहिली असेल, म्हणूनच ती त्याला दिसत नाही. तू खोकं उघडलंस आणि तुला प्रश्न पडला. सासूबाईंनी हे काम तुला दिलं ते काय उगाच? पेपरातल्या मजकुराची त्यांनी घडी घातली तेव्हाच त्यांचं ठरलं असणार.

निष्ठावान, कष्टाळू, प्रेमळ. या तीन शब्दांवर माझा जुना राग आहे. माझे वडील गेले तेव्हा मीही एक लेख लिहिला होता. तेव्हा मी या सदरात नवीन होते, लिहिता येतं असा गैरसमज होता. ‘कष्टाळू, श्रद्धाळू, कुटुंबवत्सल’ असं सगळं त्यात होतं. आत्याने चष्मा लावून पूर्ण वाचला आणि म्हणाली, “छान आहे. कोणाविषयी आहे?” मग तिने आठवण करून दिली. वडील रोज झोपण्याआधी विजेच्या मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहायचे, आणि महिन्याचं बिल त्याच्याशी जुळलं की बिलाला हात जोडायचे. ते लेखात नव्हतं. मला ते लिहिण्यासारखं वाटलंच नव्हतं.

तेव्हा पाच मिनिटांतली तीन मिनिटं त्या रात्रीला दे. पेंढ्यात आडव्या पडलेल्या सासऱ्यांना. नवऱ्याच्या नोकरीपायी मी तीन वर्षं लिंकनला काढली, एका मार्चमध्ये तुमच्या त्या भागातल्या एका घरी चार दिवस राहिले, त्यामुळे तू दोन ओळींत लिहिलेलं मला बरंचसं डोळ्यांसमोर आलं. पहिलारू गाय, वासरू पायाळू, मागचे पाय आधी. नाळ आत दाबली गेली की वासराच्या हातात मिनिटं उरतात. साखळी पायांना अडकवायची, गाय कळ देईल तेव्हाच ओढायचं, ती थांबली की आपणही थांबायचं. तू लिहिलंयस की त्यांनी एका पायाने खांबाला रेटा दिला होता आणि तुला एवढंच म्हणाले, “लाइट जरा खाली.” मग वासरू बाहेर आलं ते लुळं. त्यांनी पेंढ्यातली एक काडी उचलून त्याच्या नाकपुडीत घातली, आणि ते शिंकलं. हे सगळं लिही. काडीसुद्धा लिही. काडी विसरू नकोस.

आणि त्यानंतरचंही, जे तू फारच पटकन उरकलंयस. तुला वाटलं झालं, आता घरी जायचं. पण ते चाळीस मिनिटं तिथेच बादली पालथी घालून बसले. का, ते तुला तेव्हा ठाऊक नसेल. वासराला पोटात असताना आईकडून रोगाशी लढायची ताकद मिळत नाही, ती चिकातूनच येते, आणि तीही पहिल्या काही तासांत. एक दिवस उलटला की आतडी ती शोषून घेत नाहीत. त्यामुळे वासरू उभं राहून कासेला लागेपर्यंत काम संपलेलं नसतं, मग घड्याळात तीन वाजोत की चार. वासराने कास पकडली तेव्हा त्यांनी हात जीन्सला पुसले, वही काढली, पेन्सिल जिभेला लावून काहीतरी लिहिलं. त्या वर्षीची वही खोक्यात असेलच. तो दिवस शोध. तिथे डी. जी. असेल तर तू काही न जोडता ती नोंद जशीच्या तशी वाच. नसेल तर नंबर आणि वेळ वाच. दोन्हीत तुझे सासरे आहेतच.

थडग्यापाशी रक्त, पेंढा, चिकटा हे शोभेल का, अशी तुला भीती वाटते. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाने खांद्यापर्यंत हात आत घातलेला आहे गं. तिथे संकोच वाटणारी एकटी तूच असशील.

सुरुवात मात्र हाकेने कर. “दोन वर्षं मी यांना कोणत्याच नावाने हाक मारली नाही, समोर जाऊन उभी राहायचे.” लोक हसतील, तुझाही घसा मोकळा होईल. पणजोबा, १९०४ चा किंकेड कायदा, सरकारने दिलेले ६४० एकर, हे सगळं तू पहिल्या मसुद्यात घातलंयस. काढून टाक. हा इतिहास खरा आहे आणि मला रसाळही वाटला. ६४० एकरांत भागतच नाही हे त्या वाळूवर आलेल्यांना फार लवकर कळलं, कित्येकजण विकून निघून गेले, जे टिकले त्यांनी शेजाऱ्याची जमीन घेत घेत रँच वाढवली. पण तो छापील पुस्तिकेत जाऊ दे. पाच मिनिटांत पणजोबांना आणू नये. १९४९ च्या हिमवादळात लष्कराचे बुलडोझर रस्ता उघडत आले आणि पाच वर्षांच्या पोराने खिडकीतून ते पाहिले, ही त्यांची दर हिवाळ्यातली गोष्ट एका वाक्यात चालेल. ती सगळ्यांना पाठ असणार, तू सुरुवात केलीस की नातवंडंच पुरी करतील.

सासूबाईंबद्दल एक. तुझ्या फोटोंमध्ये दोन हस्ताक्षरं आहेत, तुझ्या लक्षात आलं का? एक उभं, टोकदार. दुसरं गोल, शाळेत गिरवलेलं. गोल अक्षरातल्या नोंदींच्या वेळा बघ: रात्री अकरा, साडेबारा, दीड. टोकदार अक्षर दोनच्या पुढे सुरू होतं. म्हणजे रात्र दोघांत वाटलेली होती. अर्धी तिची. ‘कष्टाळू रँचर’ या दोन शब्दांत ती अर्धी रात्र कुठे गेली? पेपराची घडी घातली गेली त्यात हेही कारण असू शकतं, मी पैज लावणार नाही. पण “बाबा कसे होते?” असलं काही त्यांना विचारू नकोस, त्यावर त्या “चांगले होते” म्हणून भांडी घासायला उठतील. वही समोर उघडून ठेव आणि विचार, हे गोल अक्षर कुणाचं? दोन वाजता उठवायला कोण जायचं, आणि ते एका हाकेत उठायचे का? अशा प्रश्नांना माणसं उत्तरं देतात. मग एक वाक्य तरी त्या गोल अक्षरासाठी ठेव.

आता दीर.

नाही. पावत्या वाचायच्या नाहीत. नवऱ्याला माझं नाव सांगून नाही म्हण, मला चालेल.

तुझ्या नवऱ्याला वाटतंय की ही बापाच्या प्रेमाची गोष्ट आहे. असेलही. पण दिरांच्या बाजूला उभी राहून बघ. एकोणीस वर्षांचा मुलगा, बारा गाई, प्रत्येकीचा वंश त्याला तोंडपाठ. ऐंशीच्या दशकात व्याजदर भडकले, नेब्रास्कात जमिनीचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले, ज्या जमिनीवर कर्ज काढलं ती कर्जाइतकीही किमतीची उरली नाही. बापाचा गळा आवळला गेला होता हे कुणीही मान्य करेल. पोरानेही केलं असतं. त्याला विचारलं असतं तर त्याने कदाचित स्वतः ट्रकमध्ये चढवून दिल्या असत्या. विचारलं नाही, ही जखम आहे. आणि आता सगळ्या गणगोतासमोर, त्याला न विचारता, त्याच्या नावाच्या पावत्या वाचून दाखवायच्या? दुसऱ्यांदा तेच की! त्याने तिथे रडायचं, की क्षमा करायची, की मान हलवायची, हे चाळीस माणसांनी बघत राहायचं? शेवटच्या बाकावर बसणाऱ्याला पुढे ओढू नये.

पावत्या एका पाकिटात घाल. आधी नवऱ्याला राजी कर, हे त्याच्यामागून करायचं काम नाही. मग दिरांना मेच्या बऱ्याच आधी, टपालाने पाठव. सोबत चिठ्ठी दोन ओळींची: बाबांच्या वह्यांच्या खोक्यात या मिळाल्या, तुमच्या आहेत म्हणून पाठवते. बस. ‘त्यांचं तुमच्यावर किती प्रेम होतं’ असं लिहायचं नाही. ते तुला माहीत नाही, मलाही नाही. कदाचित प्रेम असेल. कदाचित अपराधी वाटत असेल. किंवा नोटीस रँचच्या पत्त्यावर येत राहिली आणि बिलं वेळेवर भरणाऱ्या माणसाने हेही एक बिल म्हणून भरलं असेल. त्या माणसाने ते कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही असं तू म्हणतेस. अर्थ काय लावायचा तो ज्याच्या गाई गेल्या त्याने लावू दे.

एक व्यवहाराची गोष्ट: ब्रँड ही तिथे मालमत्ता असते. नावावर नोंदलेली, विकता येते, वारशाने देता येते, आणि दर काही वर्षांनी फी भरून जिवंत ठेवावी लागते. भरणारा आता गेला. शेवटच्या पावतीची मुदत कधी संपते ते बघ आणि ती तारीख तेवढी चिठ्ठीत लिही. दिरांना ब्रँड ठेवायचा की सोडायचा हे त्यांना ठरवता आलं पाहिजे. या खेपेला त्यांना विचारलं गेलं असं होईल.

आणि दगड. तिकडच्या कबरस्तानांत दगडावर ब्रँड कोरलेले मी पुष्कळ पाहिलेत, नावाच्या खाली, क्रुसाच्या शेजारी. तुम्हीही कोरणार असाल तर सासऱ्यांचा एकच कोरा. कुणाला कल्पना सुचेल की दोन्ही शेजारी शेजारी कोरू. हा वरकरणी मोठा हळवा विचार आहे, पण दगडावरचं खोडता येत नाही.

मग वाचताना दिरांचा उल्लेख करायचाच नाही का? करायचा. तीन मुलं, तिघांची नावं जन्माच्या क्रमाने. आणि एक सरळ वाक्य, जे सगळ्यांना माहीतच आहे: ते हट्टी होते, आणि त्या हट्टाची किंमत या घराने भरलीय. एवढंच. हे वाक्य आधी सासूबाईंना दाखव. त्या काढ म्हणाल्या तर काढ, पण माझा अंदाज आहे की त्या ठेव म्हणतील. हे नसेल तर बाकीचं सगळं दिरांना खोटं वाटेल, काडीसकट.

गाईंचं काय करायचं, असं तू पत्राच्या कडेला बारीक अक्षरात विचारलंयस. वासरं वाढवायची, ऑक्टोबरात आईपासून तोडायची, लिलावात विकायची, पुढे ती कत्तलखान्यात जाणार. ज्या वासराच्या नाकात काडी घालून त्यांनी जीव आणला तेही. तुला हे चौदा वर्षं टोचतंय, आणि आईच्या गोशाळेमुळे जास्तच. मला यावर तोडगा माहीत नाही. पण त्यांना गोसेवक करू नकोस, ना मराठीत ना इंग्रजीत. त्यांनी जे केलं ते त्यांनी लपवलं नाही, तूही झाकू नकोस. तू लिहिलंयस की पहिल्या भेटीत तुझ्या ताटात त्यांनी न विचारता भाजलेला बटाटा वाढला आणि स्वतःच्या स्टेककडे बघून म्हणाले, “हा आपला धंदा आहे, तुझ्यावर सक्ती नाही.” तो बटाटा हवं तर वाचनात घे. तुमच्या दोघांमध्ये जे होतं ते त्यात आलंय. आईला मात्र खरं सांगून टाक एकदाचं. चौदा वर्षं झाली.

नवऱ्याची दुसरी सूचना संत इसिदोरची. स्वयंपाकघराच्या खिडकीत त्यांची मूर्ती आहे, त्यांच्या गोष्टीने शेवट कर म्हणतो. स्पेनमधला शेतमजूर, रोज सकाळी आधी मिस्सेला जायचा म्हणून सोबत्यांनी मालकाकडे चहाडी केली, मालक बघायला आला तर याच्या जागी देवदूत नांगर धरून चाललेले. १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळालं, १५ मेला त्यांचा सण. गोष्ट वाचून मला आपले सावता माळी आठवले, तुलाही आठवले असतील. पण तिथल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या अंत्यविधीत हीच गोष्ट सांगतात. फादर सांगतीलच, त्यांचा तो हक्क आहे. शिवाय तुझ्या सासऱ्यांच्या बाबतीत ती उलटी आहे. रात्री दोन वाजता तिथे कुणी देवदूत आला नव्हता. सासरे होते आणि तू टॉर्च घेऊन होतीस.

लिहायला बसशील तेव्हा पहिला खर्डा मराठीत लिही. इंग्रजीत बसलीस की तो फ्युनरल होमवाला आपोआप हातात येऊन बसेल. मराठीत तुझ्याकडे अडणं आहे, पायाळू आहे, चीक आहे, हे शब्द तुला कुठून तरी येतात. मग इंग्रजीत नव्याने सांग, भाषांतर करू नकोस. पाच मिनिटं म्हणजे सहाशे शब्द, त्याहून जास्त नको. नवऱ्याला एकदा वाचून दाखव, त्याला तिथे उभं राहून पहिल्यांदा ऐकायला लावू नकोस. डाग द्यायच्या दिवशी वाचू असं कुणी म्हटलं तर ऐकू नकोस. वासरं वेगळी काढली की गाई दिवसभर हंबरतात, कुणाला शब्द ऐकू येणार नाही. कबरस्तानातच वाच.

आणि तिथे वारा असेल. त्या टेकड्यांवर मे महिन्यात कागद हातात राहत नाही, माझी टोपी मी तिथेच सोडून आलेय. मोठ्या अक्षरात छाप, दोनच पानं, आणि क्लिपबोर्डला लाव. सासऱ्यांच्या पिकअपमध्ये सीटच्या मागे एखादा असेलच, शोध.